सोमवारचं वाचन

"चावी काढ, वृषाली," इंगवले सर दारातूनच म्हणाले.

मी खुर्चीतून अर्धी उठले. दुसरा शनिवार होता, ऑफिसला सुट्टी. महिन्यातून एकदा बॅकअप तपासायचं काम माझ्याकडे असायचं, म्हणून मी एकटीच आले होते. सर सुट्टीच्या दिवशी ऑफिसकडे फिरकत नसत. आज आले होते ते घरातल्या सपाता पायात घालून, आणि शर्टाचं एक बटण चुकलेलं. कडक इस्त्रीशिवाय मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"कुठं काय बंद पडलंय का सर?"

"एकशे सतरा उघडायचंय."

एकशे सतरा हा आमचा ग्राहक क्रमांक. सांगलीतलं मानसोपचाराचं छोटं क्लिनिक. डॉक्टर पाटणकर आणि त्यांच्याकडच्या समुपदेशक मुल्लाणी मॅडम, एवढाच कारभार. आमची कंपनी कोल्हापुरात, आणि काम दवाखान्यांचं: पेशंटच्या फायली, औषधांच्या चिठ्ठ्या, तपासण्यांचे रिपोर्ट, सगळं क्लाउडवर सांभाळायचं. दोनशेच्या वर दवाखाने होते. एकशे सतराची वर्षाला एखादी तक्रार यायची, तीही प्रिंटरची.

"त्यांचा फोन आला होता?"

"नाही."

"मग?"

सरांनी माझ्या टेबलावर दोन वस्तू ठेवल्या. अर्धी संपलेली गोळ्यांची पट्टी आणि चार घड्या घातलेली एक चिठ्ठी. चिठ्ठीच्या खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आमच्या सॉफ्टवेअरची ओळ होती, तिच्यात ११७. वर पेशंटचं नाव होतं, केतकी जयसिंग इंगवले. तारीख नऊ दिवसांपूर्वीची.

"तिच्या कपाटात सापडलं," ते म्हणाले. "सहाला घरातनं गेलीया. कुणाला काही बोलली नाही. फोन बंद. मैत्रिणी झाल्या, कॉलेज झालं, कुणाला पत्ता नाही. सुनंदा पोलीस ठाण्यात बसलीया."

केतकी त्यांची आणि सुनंदावहिनींची एकुलती एक मुलगी, एकवीस वर्षांची. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. मी गोळ्यांचं नाव वाचलं. त्या नैराश्यावरच्या होत्या. चौदा वर्षं औषधांच्या याद्या बघून थोडंफार कळायला लागतं.

"चिठ्ठीवर सातवी भेट लिहिलंय," सर म्हणाले. "सात महिने पोरगी सांगलीला जातीया आणि मला ठाऊक नाही. त्या फाईलमध्ये असंल सगळं. कुणाबरोबर जाते, कुठं राहते, काय बोलली. काढ चावी."

या चावीचं सांगायला हवं. ती अंगठ्याएवढी होती, कॉम्प्युटरला खोचायची. अशा दोनच होत्या, एक सरांकडे आणि एक माझ्याकडे. कुठल्याही दवाखान्याची माहिती आम्हाला आपण होऊन दिसत नसे. ती कुलूपबंदच आमच्याकडे यायची. काही बिघडलं, तर दवाखान्यानं स्वतः नोंदवलेल्या नंबरावरून फोन करून परवानगी द्यायची, मग ऑफिसातल्या कुणीतरी विनंती टाकायची, कारण लिहायचं, आणि चावी असलेल्या दुसऱ्या माणसानं दहा मिनिटांच्या आत आपली चावी लावून मंजुरी द्यायची. दवाखान्याचा फोनच लागत नसेल आणि सगळं ठप्प असेल, तर दोन चाव्यांवर परवानगीशिवायही कुलूप निघायचं. पण जे काही होईल, त्याची नोंद त्याच क्षणी दवाखान्याच्या खात्यात दिसायची. ती पुसायची सोय कुणालाच नव्हती, सरांनाही नव्हती. हा सगळा नियम सरांनीच केलेला. तरुणपणी ते एका लॅबमध्ये कामाला होते. तिथून एका माणसाचा रिपोर्ट फुटला, गावभर झाला, आणि त्या माणसानं घरदार विकून गाव सोडलं. ही गोष्ट नव्या येणाऱ्या प्रत्येकाला ऐकावी लागायची. मी ती निदान वीसदा ऐकली असेल.

आणि याच्यावर कडी म्हणजे सोमवारचं वाचन. दर सोमवारी दहा वाजता सगळ्यांनी उभं राहायचं आणि सरांनी आठवड्याभराच्या विनंत्या मोठ्यानं वाचायच्या. दवाखान्याचं नाव नाही, क्रमांक नाही. तारीख, वेळ, कुणी टाकली, कारण काय लिहिलं, निकाल काय. कारण पटलं नाही की सर चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "कारण अपुरं. पुढे." बस, एवढंच. ओरडा नाही, मेमो नाही. पण तेवढ्या शब्दांनी माणूस आठवडाभर मान खाली घालून जेवायचा. पहिल्या वर्षी मी एकदा कारणाच्या जागी "एकदा बघून घेण्यासाठी" असं लिहिलं होतं. अजून आठवलं की कान तापतात.

"सर, परवानगी?" मी विचारलं.

"पाटणकर विमानात आहेत. दोनला उतरणार. तोवर वाट बघू?"

"मुल्लाणी मॅडम?"

"तिला केला फोन. म्हणते, अशी कुणी पेशंट आमच्याकडं आहे की नाही, तेसुद्धा सांगता येणार नाही. मी बाप बोलतोय म्हटलं, तर म्हणते, फोनवर कुणीही बाप असतो." त्यांचा आवाज चढला. "तिच्या क्लिनिकचं सगळं माझ्या सर्व्हरवर पडलंय आणि ती मला शिकवते."

ते आपल्या केबिनमध्ये गेले. काचेतून मला दिसत होतं. त्यांनी चावी खोचली, दोन बोटांनी काहीतरी टाइप केलं, आणि माझ्या स्क्रीनवर पिवळी पट्टी उघडली. विनंती, अकरा बावन्न, जयसिंग इंगवले. खाली कारण. त्याच्या खाली दोन बटणं, मंजूर आणि नामंजूर, आणि कोपऱ्यात उलटं पळणारं घड्याळ.

कारण मी वाचलं. परत वाचलं.

सर येऊन माझ्या मागं उभे राहिले. "लाव."

नऊ मिनिटं दहा सेकंद.

माझी चावी माझ्या गळ्यात होती, मंगळसूत्राच्या शेजारी काळ्या दोऱ्यात. मी ती मुठीत धरली. खोटं कशाला सांगू, लावायला हात शिवशिवत होता. केतकीला मी सातवीपासून ओळखत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत ऑफिसात यायची, माझ्या डब्यातली भाकरी खायची, "वृषालीताई, हे काय, ते काय" करत डोकं उठवायची. ती कुठं असेल, गोळ्या घरी ठेवून का गेली असेल, हे विचार मला नव्हते असं नाही.

"सर, मुल्लाणी मॅडमना तुम्ही नक्की काय सांगितलंत?"

"म्हटलं, माझ्या मुलीची फाईल मला पाहिजे."

"केतकी सकाळपासून घरी नाही, हे सांगितलंत?"

त्यांनी शर्टाचं चुकलेलं बटण चाचपलं.

"गोळ्या घरी राहिल्यात, हे?"

"घरातली गोष्ट परक्या बाईला कशाला सांगू?" ते म्हणाले, पण आवाज खाली आला होता. "कोल्हापूर-सांगली केवढंसं अंतर आहे. उद्या तिचं लग्न करायचंय मला."

"म्हणजे त्यांना माहीतच नाही की ती नाहीशी झालीय."

"वृषाली, वेळ चाललाय."

सहा मिनिटं.

"आपण फाईल उघडली तर आपल्याला काय कळणार सर? आपण डॉक्टर आहोत का? त्यांना नुसतं सांगितलं तर—"

"पत्ता कळंल. नंबर कळंल. मी जाऊन आणीन तिला." त्यांनी टेबलावर हात टेकले. "तुला दोन पोरं आहेत. तुझी श्रेया असती तर? तेव्हा नियम सांगितला असतास?"

मुठीतली चावी मी सोडली नाही.

"कंपनी माझी आहे," ते म्हणाले. "हा नियम मी लिहिला. मीच सांगतोय, आज बाजूला ठेव."

"तुम्हीच लिहिलात, की मालक म्हणाला तरी बाजूला ठेवायचा नाही."

"चौगुले." इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा आडनावानं हाक मारली. "माझ्या पोरीला काही झालं, तर ते तुझ्या डोक्यावर. ध्यानात ठेव."

चार मिनिटं बारा सेकंद.

काही न करता बसले असते तरी विनंती आपोआप बाद झाली असती. तसा मोह झाला, नाही म्हणायला नको. पण मग ती 'अनुत्तरित' पडली असती आणि त्यांनी लगेच दुसरी टाकली असती; नामंजूर झालेली मात्र त्या दिवशी परत टाकता येत नसे. मी चावी खोचली. मागं सरांनी श्वास सोडलेला ऐकू आला. मी नामंजूर दाबलं. नामंजुरीलाही कारण लागतं. मी लिहिलं, "ग्राहकाची परवानगी नाही." पिवळी पट्टी लाल होऊन मिटली.

सर बाजूच्या खुर्चीत बसले. मला वाटलं होतं ते ओरडतील, निघ म्हणतील. ते नुसते बसले, गोळ्यांच्या पट्टीकडे बघत. त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी फोन उचलला आणि कंपनीच्या नंबरावरून एकशे सतराला लावला.

"मुल्लाणी बोलतेय. मघाशी एक गृहस्थ फोनवर फार बोलले. मी त्यांना सांगितलंय—"

"मॅडम, मला काही सांगू नका," मी म्हणाले. "हो म्हणू नका, नाही म्हणू नका. मी बोलते, तुम्ही फक्त ऐका. केतकी इंगवले. एकवीस वर्षं. सकाळी सहाला घरातनं बाहेर पडली, कुणालाही न सांगता. फोन बंद आहे. गोळ्यांची पट्टी कपाटातच राहिलीय, अर्धी. घरचे पोलिसांत गेलेत."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"गोळ्या घरी आहेत?" त्यांनी विचारलं. आवाज पार बदलला होता.

"माझ्या समोर आहेत."

"ठेवते," त्या म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

त्यानंतरचा पाऊण तास मी कसा काढला ते माझं मला माहीत. सर उठायचे, खिडकीशी जायचे, परत बसायचे. सुनंदावहिनींचा फोन तीनदा आला. पोलिसांनी नोंद घेतली होती, फोनचं शेवटचं ठिकाण शोधायला वेळ लागेल म्हणत होते. तिसऱ्यांदा वहिनी फोनवर रडायलाच लागल्या, आणि सर त्यांना म्हणाले, "इथं प्रयत्न चाललाय." हे म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही. मी चहा केला. तो तसाच राहिला. मनात एकच चाललं होतं, की त्या फाईलमध्ये पत्ता असेल, आणि तो मी दिला नाही.

"एवढी हट्टी का झालीस आज?" मध्येच त्यांनी विचारलं. रागानं नाही, खरंच कळत नसल्यासारखं. "तुला तिची माया नाही का?"

सांगण्यासारखं एक होतं. पण ते त्यांना सांगायचं नव्हतं.

बारा पंचेचाळीसला फोन वाजला. एकशे सतरा.

"एक विचारायचंय," मुल्लाणी मॅडम म्हणाल्या. घाईत नव्हत्या, पण शब्द मोजून बोलत होत्या. "आमच्या खात्यात कुठली फाईल कुणी बघितली, ते दिसतं ना? कुठं बघायचं?"

"डावीकडे, खालून दुसरं. 'कुणी पाहिलं' म्हणून आहे."

"थांबा." माउसचा आवाज आला. "हं. माझं आत्ताचं सोडलं, तर शेवटचं डॉक्टरांनी, नऊ दिवसांपूर्वी. मग आज अकरा बावन्नला विनंती, जयसिंग इंगवले. नामंजूर, वृषाली चौगुले. याच्यावर आणखी काही असू शकतं? जे इथं दिसत नाही असं?"

"नाही मॅडम. असतं तर दिसलं असतं."

"नक्की? मला हे कुणालातरी वाचून दाखवायचंय. दुसऱ्या फोनवर थांबलंय."

"नक्की," मी म्हणाले. "शब्दन् शब्द वाचा. माझं नावसुद्धा."

मी फोन ठेवला तेव्हा सर माझ्याकडे बघत होते. त्यांना अर्धंच ऐकू आलं होतं. पाच मिनिटं गेली असतील. मग त्यांच्या खिशातला फोन वाजला. अनोळखी नंबर.

"बाबा," एवढंच मला ऐकू आलं. पुढचं सरांच्या तोंडून. "कुठं आहेस? ... वाडीला? घाटावर? ... नाही, नाही, ओरडत नाही. बस तिथंच. पायरीवरनं वर ये आणि देवळात बस. ... येतो. आईला घेऊन येतो. ... नाही विचारणार. काही नाही विचारणार, बाळा."

नृसिंहवाडीच्या घाटावर सकाळी आठपासून बसली होती पोर. नदी दुथडी भरून होती त्या आठवड्यात. सर सपाता फटफट वाजवत जिना उतरले. गोळ्यांची पट्टी टेबलावरच विसरले, म्हणून मी त्यांच्या मागं धावले आणि गाडीच्या खिडकीतून ती दिली. त्यांनी घेतली. आभार मानले नाहीत, आणि ते बरंच झालं.

वर येऊन मी संडासात गेले, कडी लावली आणि पोटभर रडले.

सरांना जे सांगितलं नाही ते असं. त्याच्या आदल्या वर्षीच्या मे महिन्यात केतकी ऑफिसात आली होती. पँट्रीत मी डबा खात होते. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि सहज विचारल्यासारखं म्हणाली, "वृषालीताई, समजा एखाद्या दवाखान्यात आपलं सॉफ्टवेअर आहे. तिथल्या पेशंटचं सगळं बाबांना दिसतं?"

"नाही गं."

"आणि बाबांनी ठरवलं तर?"

"तरी नाही. माझी चावी लागते."

"आणि तू?"

"मी कशाला लावीन? त्या माणसानं विश्वासानं सांगितलेलं असतं."

"शपथ?"

मी हसले. तोंडात घास होता. "शपथ," म्हणाले. मला वाटलं, बापाचं काम समजून घेतेय. ती आणखी थोडा वेळ उभी राहिली आणि मग तिनं विचारलं, सांगलीत कुठल्या कुठल्या दवाखान्यात आपलं आहे. आमच्या ग्राहकांची यादी तेव्हा भिंतीवरच लावलेली असायची. मी बोटानं दाखवली.

कोल्हापुरात डॉक्टर नव्हते असं नाही. पोरगी पन्नास किलोमीटर लांब गेली ती आमचा शिक्का बघून, माझ्या शपथेवर.

पुढं कितीतरी दिवसांनी, बरी झाल्यावर, तिनं मला त्या शनिवारचं सांगितलं. फाईलमध्ये तिचा एक दुसरा नंबर होता, डॉक्टरांशिवाय कुणाला न दिलेला. त्यावर मुल्लाणी मॅडमनी फोन केला. घरी कळलंय म्हटल्यावर तिनं पहिला प्रश्न केला, माझी फाईल बाबांनी वाचली का. "त्या नंबरवर बाबांचाच फोन आला असता," ती म्हणाली, "तर मी उचललाच नसता, ताई." हे सगळं लिहू का, असं मी तिला विचारलं. हो म्हणाली, नावासकट.

पण माझी गोष्ट सोमवारची आहे.

सोमवारी मी राजीनामा लिहूनच नेला होता. माझ्या डोक्यावर काय ठेवलं होतं ते मी विसरले नव्हते, आणि मालकाला नाही म्हटल्यावर मालक दुसरी चावी कुणाकडे ठेवतो, हे कळायला फार अक्कल लागत नाही. दहा वाजता आम्ही चौदाजण उभे राहिलो. सर आले. शर्टाला कडक इस्त्री, हातात कागद. चेहरा दोन रात्री झोप न झालेल्या माणसाचा. शनिवारचं कुणालाच काही माहीत नव्हतं. ती ओळ ते वाचणार नाहीत अशी माझी खात्री होती. कागद छापताना एक ओळ गाळायला कितीसा वेळ लागतो.

त्यांनी चष्मा लावला. मंगळवारची एक विनंती वाचली, ओंकारची. कारण पुरेसं. गुरुवारची एक. कारण पुरेसं. मग ते थांबले. चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत लावला.

"शनिवार, अकरा बावन्न," त्यांनी वाचलं. आवाज नेहमीचाच, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. "विनंती, जयसिंग इंगवले."

सगळ्यांनी माना वर केल्या. इतक्या वर्षांत हे नाव त्या कागदावर कधी आलं नव्हतं.

"लिहिलेलं कारण, 'कंपनी माझी आहे.'"

कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि मध्येच थांबलं. सरांनी कागदावरून नजर उचलली. शनिवारनंतर पहिल्यांदाच ते माझ्याकडे सरळ बघत होते.

"निकाल, नामंजूर. वृषाली चौगुले."

माझ्या पर्समध्ये राजीनाम्याचा कागद होता. हात त्याच्यावरच होता.

"कारण अपुरं," सर म्हणाले. "पुढे."